रिकामी जागा चालणार नाही

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे लिखाण दर्जेदार हवं.
ऑफिसात महत्त्वाची घटना. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात, फोनताई ऐकून घेतात आणि मेकॅनिकला पिटाळतात. जुनाट पद्धत. आता फोनताई निवृत्त होताहेत. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे तक्रारी वेबसाइटवर घ्यायच्या, ही जबाबदारी कोण घेतंय? मी हात वर केला. खरं तर पंखा कमी करा असं सांगायचं होतं. पण हात वर गेला तो गेला. मालक म्हणाले, शाब्बास. काही माणसांना संधी शोधत येते.
संकल्प : कॉम्प्युटर मुळापासून शिकणे. रोज जिना चढणे (पोट). घरी आवाज न चढवणे.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
लेक कॉम्प्युटरचं शिकते. तिला म्हटलं, विचार माझा, टायपिंग तुझं. चहा उकळून गाळेपर्यंत तिचा फॉर्म तयार. दोनच चौकटी. लिफ्ट कुठली? काय झालंय? मी म्हटलं, हा फॉर्म आहे की दाराची पाटी? ती म्हणाली, बाबा, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला दोनच प्रश्न विचारावेत. मी म्हटलं, अडकलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो.
तिच्याकडून एक गोष्ट कळली. चौकटीशेजारी लाल चांदणी दिली की ती चौकट सक्तीची. रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे जात नाही. तिने एकाच चौकटीला चांदणी दिली होती. एवढी प्रभावी वस्तू आणि इतका कंजूषपणा. जिना राहिला. उद्यापासून.

६ सप्टेंबर
फॉर्म पूर्ण. चौकटी : पूर्ण नाव (स्वतःचं, वडिलांचं, आडनाव), इमारत, मजला, लिफ्टचा रंग, बिघाडाचं वर्णन (किमान पन्नास अक्षरं), बिघाडाचं कारण, बिघाडापूर्वी आपण काय करत होता, आणि कंपनीबद्दल चार चांगले शब्द. सगळ्यांना चांदण्या. लेकीने डोक्याला हात लावला. मलाही आकाश पाहिल्यासारखं वाटलं.
हिने विचारलं, तक्रारीत वडिलांचं नाव कशाला? मी म्हटलं, बिनबापाची तक्रार कोण घेणार? ही कणीक मळत होती. जरा जोरातच मळायला लागली.

७ सप्टेंबर
फॉर्म सुरू झाला. फोनताईंचा निरोप समारंभ. त्यांनी फोनची वायर गुंडाळून तो माझ्या कपाटात ठेवला, आणि जाता जाता म्हणाल्या, लोक अर्धंच बोलतात हो, उरलेलं आपण समजून घ्यायचं असतं. मी मान डोलावली. पद्धत अशास्त्रीय, पण बाई प्रेमळ.

१० सप्टेंबर
पहिल्या तक्रारी आल्या. एकाचं पूर्ण नाव : टिंब टिंब टिंब. वडिलांचं टिंब धरून. लिफ्टचा रंग : टिंब. चार चांगले शब्द : चार टिंबं. हा सरळसरळ माझा अपमान आहे. लेक म्हणाली, बाबा, लोकांना भरायचं नसलं की ते असंच करतात. लगेच टिंबावर बंदी घालायला लावली.

११ सप्टेंबर
टिंबं गेली. आता 'अअअअअअअअ' आलं. एकाने बिघाडाचं वर्णन म्हणून 'लिफ्ट बंद आहे' हेच पन्नास अक्षरं भरेपर्यंत लिहिलं. याला मात्र वर्णन म्हणावं लागेल. पुनरुक्ती आहे, पण तळमळ आहे.
'नाही', 'माहीत नाही', 'काय करायचंय तुम्हाला' या उत्तरांवरही बंदी.

१२ सप्टेंबर
आज हद्द झाली. एक फॉर्म आला, सगळ्या चौकटी कोऱ्या. तरी फॉर्म पुढे गेलाच कसा? लेकीने पाहून सांगितलं की त्या माणसाने प्रत्येक चौकटीत नुसती स्पेस दाबली आहे. आपल्याला कोरं दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे काहीतरी आहे. म्हणजे काही नसणं हेही काहीतरी असतं. असे विचार सुचतात तेव्हा वाटतं, आपण या ऑफिसात वाया गेलो.
लेकीने उपाय केला. उत्तराच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा छाटायची आणि मग काही उरतं का ते बघायचं. साधाच उपाय. मालकांना सांगताना मी तो माझा म्हणून सांगितला. विचार माझा, टायपिंग तिचं, हे आधीच ठरलं होतं.

१३ सप्टेंबर
घरी प्रयोग. ही जेवताना गप्प होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. वीस वर्षं मी हे उत्तर स्वीकारत आलो. आज विचार केला, हे म्हणजे स्पेसच की. म्हटलं, हे उत्तर चालणार नाही, किमान दहा शब्द हवेत. हिने ताट खाली ठेवलं आणि दहाच्या वर शब्द बोलली. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण संख्येने पुरेसे होते. पद्धत काम करते.

१५ सप्टेंबर
तक्रारी निम्म्यावर! मालकांना आलेख काढून दाखवला. रेघ उताराला लागलेली. लिफ्टची तब्येत सुधारते आहे. मालकांनी विचारलं, फॉर्ममुळे लिफ्ट कशा सुधारतील? मी म्हटलं, शिस्तीचा परिणाम सगळीकडे होतो. त्यांना पटलं.
विशेष म्हणजे तळमजल्यावरून एकही तक्रार नाही. माझ्या मते जमिनीलगत राहणारा माणूस मुळात समाधानी असतो. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो म्हणाला की साहेब, सगळ्यात जास्त लिफ्ट तळमजल्यालाच अडकतात. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, 'रिकामं किंवा शून्य नको' असा नियम तुम्हीच सांगितलात, आणि तळमजल्याचा आकडा शून्य. मी म्हटलं, बरोबरच आहे, तळमजल्याच्या माणसाला लिफ्ट हवीच कशाला? ती उठून आत गेली. परीक्षा जवळ आली आहे तिची.

१६ सप्टेंबर, रविवार
आज ऐतिहासिक दिवस. लेकीने अभ्यासाला वेळ हवा म्हणून पासवर्ड माझ्या हाती दिला. मी प्रथमच स्वतःच्या बोटांनी नियम लिहिला. नवखा माणूस टोकाची रिकामी जागा छाटतो. मी मुळावर घाव घातला. कुठल्याही चौकटीत, टोकाला, मध्ये, कुठेही रिकामी जागा चालणार नाही. पूर्ण नाव तीन शब्दांचंच हवं, हा परवा लेकीकडून घालून घेतलेला नियम आहेच. दोन्ही नियम शेजारी शेजारी फार शोभून दिसतात. ही माहेरच्यांशी फोनवर बोलत होती, नाहीतर दाखवले असते.

१७ सप्टेंबर
तक्रारी : शून्य.

१८ सप्टेंबर
आजही शून्य. मालकांनी पाठीवर थाप मारली. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असा दिवस पाहिला नव्हता, म्हणाले. येत्या २८ तारखेला ते सगळ्या इमारतींच्या अध्यक्षांना बोलावणार आहेत. तिथे मी फॉर्मबद्दल बोलायचं. भाषणाचं नाव सुचलं : 'पोकळीवर विजय'. नवा शर्ट शिवायला टाकला पाहिजे.

१९ सप्टेंबर
एक बाई थेट ऑफिसात आल्या. शिवणकाम करतात. त्यांच्या इमारतीची लिफ्ट कित्येक दिवस बंद. सासूबाई सातव्या मजल्यावर. रोज संध्याकाळी खाली येऊन बाकावर बसायच्या, आता घरातच कोंडल्यासारख्या झाल्या आहेत. मी नम्रपणे म्हटलं, तक्रार ऑनलाइन करायची असते. त्या म्हणाल्या, रोज करतेय, घेतच नाही तो. मग मी त्यांना माझ्याच खुर्चीत बसवलं. ग्राहकसेवा म्हणतात ती हीच.
अडचण लगेच सापडली. बाई एकच नाव लावतात. वडिलांचं नाही, आडनाव नाही. फॉर्म म्हणाला, तीन शब्द भरा. मी म्हटलं, दोन शब्द कुठून तरी घ्या. त्यांनी नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं घेतलं. फॉर्म म्हणाला, रिकामी जागा चालणार नाही. सगळं जोडून लिहिलं. फॉर्म म्हणाला, तीन शब्द भरा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टायपिंगची सवय नसली की होतं असं. मग बिघाडाचं कारण आलं. त्या म्हणाल्या, कारण कळलं असतं तर मीच नसती का दुरुस्त केली? उत्तर लांबीला ठीक होतं, पण रोख चुकीचा.
शेवटी उठल्या. म्हणाल्या, चुलीत घाला तुमचा फॉर्म, मला सात मजले चढायचे आहेत. मी म्हटलं, व्यायाम होतो. माझं चुकलं नाही, मी स्वतःही तो संकल्प केलेला आहे.
जनतेत तंत्रज्ञानाबद्दल फार अढी आहे.

२० सप्टेंबर
ही भावाकडे गेली. चार दिवस म्हणाली. मी म्हटलं, कारण सांगणं सक्तीचं आहे. तिने सांगितलं. बॅग भरताना सुरू केलं ते रिक्षा येईपर्यंत. इतकं सविस्तर कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. सगळं ऐकलं असं नाही, पण लांबीला तोड नव्हती.
लेक परीक्षेमुळे घरीच. अंडी करता येतात तिला.

२२ सप्टेंबर
तक्रारी शून्य. पाना दिवसभर हत्यारांना तेल लावत बसतो. आज म्हणाला, साहेब, रस्त्यात लोक माझी कॉलर धरतात, एकदा फेरी मारून बघून येऊ का? मी म्हटलं, तक्रार नाही तर दुरुस्ती नाही. नियमाला अपवाद केला की उद्या लोक लिफ्ट बंद पडली म्हणून कुणालाही बोलावतील. पान्याने फडकं झटकलं. मग पुन्हा तेल.

२४ सप्टेंबर
भाषणाचा मसुदा झाला. लेक दोनदा दारात येऊन म्हणाली, बाबा, फॉर्ममध्ये मोठा घोळ आहे, ऐका जरा. ऐन सरावात. म्हटलं, जे सांगायचंय ते फॉर्म भरून कळव. तिने समोरच बसून भरायला घेतला. थोड्या वेळाने लॅपटॉप मिटला आणि मला हात जोडले. मुलांना आईवडिलांचा मोठेपणा उशिराच कळतो.
हिचे चार दिवस झाले. फोन केला. हिची भावजय म्हणाली, झोपल्यात. दुपारी बाराला?

२८ सप्टेंबर, सकाळ
नवा शर्ट. गळ्याला घट्ट, पण रुबाब येतो. दाढी दोनदा केली. लेक म्हणाली, बाबा, फक्त एक करा, तिथे कुणाला फॉर्म भरून दाखवू नका. वेडी आहे. तोच तर हुकमाचा एक्का.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
कार्यक्रम झाला. उपस्थिती चांगली. शर्टाचं बटण तुटलं.

२८ सप्टेंबर, जरा वेळाने
सविस्तर लिहायला हवं. रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे.
सभागृह तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आमच्याच देखभालीतली. त्यामुळे पाहुणे आले तेच घामाघूम आणि चिडलेले. मी भाषण सुरू केलं. पोकळीवर विजय या शब्दांवर थांबलो, टाळ्यांसाठी. एक खोकला आला. मग आलेख दाखवला. रेघ खाली गेलेली पाहून एक अध्यक्ष उठले. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आमच्याच इमारतीच्या अकरा तक्रारी तुंबल्यात, म्हणाले, हा आलेख कुठल्या गावचा? मी हसून म्हटलं, सर, या, समोर भरून दाखवा. पडद्यावर सगळ्यांना दिसेल.
त्यांनी नाव लिहिलं. शुद्ध, तीन शब्दांचं, मध्ये नेटकी जागा सोडून. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, रिकामी जागा चालणार नाही. त्यांनी जागा काढली. आलं, तीन शब्द भरा. त्यांनी ते वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं. दोन्ही वाक्यं. मग पुन्हा दोन्ही. सभागृहात हळूहळू उजेड पडत गेला. माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी.
मालक उठले. म्हणाले, सरका, माझं भरतो. फॉर्मने त्यांचंही घेतलं नाही. मी माझं टाकून पाहिलं. माझंही घेतलं नाही. मीच केलेल्या फॉर्मने.
मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाच्या इमारतीत पेशंटला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. एकाच्याकडे फर्निचर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय, अजून तिथेच आहे. त्या शिवणकामवाल्या बाई मागे उभ्या होत्या, त्यांच्या अध्यक्षांबरोबर आलेल्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की सासूबाई आता लिफ्टचं विचारायच्याही थांबल्यात.
यावर भाषणात काही तरतूद नव्हती.
पाना मागच्या दाराने निघून गेला. खाली हत्यारांचा आवाज येऊ लागला. पाहुणे परतले ते लिफ्टने. मी जिन्याने. संकल्प होताच.

२९ सप्टेंबर
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. कपाटातून फोन काढायला लावला, वायर मलाच सोडवायला लावली. फोनताई परत आल्या आहेत. खुर्चीत बसायच्या आत तीन फोन. त्या अर्धंच ऐकतात आणि बरोबर माणूस पाठवतात. कसं ते विचारायचं राहिलं.
माझा फॉर्म काढला. त्या जागी लेकीचा, दोन चौकटींचा. मालकांनी तिचं कौतुक केलं, माझ्यासमोर. विचार कुणाचा होता, हे मी बोललो नाही. मोठ्या मनाचा प्रश्न आहे.
मला नवी जबाबदारी. तुंबलेलं काम संपेपर्यंत पान्याबरोबर हिंडायचं. म्हणजे फील्डवर. मालक याला शिक्षा समजत असावेत. पण फॉर्मच्या चौकटीलाही फील्डच म्हणतात, म्हणजे हा तर माझाच विषय. अधिकृत पद : पिशवी धरणे.
संध्याकाळी लेकीला म्हटलं, तू सांगत होतीस तेव्हा ऐकायला हवं होतं. लांबण लावली नाही. ती म्हणाली, असू दे, अंडं खाणार का? दोन खाल्ली.

३० सप्टेंबर, रविवार
हिचा फोन आला. मंगळवारी येते म्हणाली. का येते, हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर घर झाडून घेतलं. कपाटामागेही.

१ ऑक्टोबर
शिवणकामवाल्या बाईंची इमारत. पान्याने तळमजल्याचं दार उघडलं, खाचेत टॉर्च मारला आणि चिमट्याने एक लाकडाची ढलपी बाहेर काढली. नखाएवढी. कुणाचं तरी सामान चढवताना पडलेली. दार त्यामुळे पूर्ण मिटत नव्हतं, आणि दार मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. झालं काम. मी पिशवी उघडायच्या आत.
पाना म्हणाला, साहेब, वरती आजींना सांगून या. मी म्हटलं, लिफ्टने जातो. तो म्हणाला, अजून तपासणी चाललीय, जिन्याने जा. मला वाटतं तपासणी केव्हाच संपली होती.
सात मजले. चौथ्यावर बसलो. पाचव्यावर पुन्हा बसलो. एका दारामागून कुत्रं भुंकलं, तेवढा आधार वाटला.
आजींनीच दार उघडलं. सून कपडे पोचवायला गेली होती. मला बोलताच येईना, नुसता धापा टाकत उभा. त्यांनी विचारलं, पाणी देऊ का? मी बोट खाली दाखवलं. त्या लगेच समजल्या. आत गेल्या, केस नीट करून काठी घेऊन आल्या. चपला दारातच होत्या, तोंडं बाहेर करून ठेवलेल्या.
लिफ्ट आली. दार नीट मिटलं. उतरताना त्यांनी विचारलं, तुम्ही कोण म्हणायचे? योग्य प्रश्न. मी शर्ट खाली ओढला, श्वास सावरला आणि सुरुवात केली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग हुद्दा, मग इतकी वर्षं कंपनीत आहे आणि हल्ली तंत्रज्ञानाकडे वळलो होतो, इथवर आलो. तेवढ्यात तळमजला आला.
दार उघडलं. आजी काठी टेकत बाहेर पडल्या, वळून पाहिलंही नाही, सरळ बाकाकडे गेल्या. बसल्या. ऊन होतं तिकडे.
मी आत उभा. वाक्य अर्धवट. दार मिटलं, वरून कुणीतरी बटण दाबलं असावं. लिफ्ट छान चालली, कुठेही धक्का नाही. पुन्हा सातव्यावर गेलो.